साष्टीतील इंग्रज ओवीकार

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या नकाशावर लहानसा दिसतो. पण या मातीशी नाते सांगणारे गाणे फार दूरवर गेले. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात राहिले. त्यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १६०४ मध्ये, गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांची ६१ पदे त्यात गुरुमुखी लिपीत, रागांच्या क्रमाने घेतली गेली. एका मराठी संताचे शब्द परप्रांतात आणि परक्या लिपीत टिकले, ते गायले जात होते म्हणून.

त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातील राशोल येथे मराठीतील एक प्रचंड काव्यग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. त्याचीही लिपी परकी होती: रोमन. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या होत्या आणि त्या रचणारा माणूस इंग्रज होता. नामदेव मराठी मुलखातून बाहेर गेले. हा माणूस बाहेरून मराठीत आला. ग्रंथाचे नाव ‘क्रिस्तपुराण’ आणि त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

मराठी वाचकाला स्टीफन्स ठाऊक असतात ते बहुधा शाळेतल्या पाठ्यपुस्तकातून, मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्यांपुरते. त्यांचे आयुष्य ज्या काळात गेले तो युरोपीय संगीताच्या इतिहासातील प्रबोधनकाळाचा उत्तरार्ध होता, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. इटलीतील पालेस्त्रिना, स्पेनचा व्हिक्टोरिया, इंग्लंडचा विल्यम बर्ड हे त्यांचे समकालीन. स्टीफन्स स्वतः संगीतकार नव्हते. परंतु त्या काळच्या धर्मसंगीताला ज्या एका प्रश्नाने अस्वस्थ केले होते, तो प्रश्न त्यांच्या साऱ्या आयुष्यातून वाहताना दिसतो. देवापुढे जे गायले जाते त्याचे शब्द ऐकणाऱ्याला कळले पाहिजेत की नाहीत, हा तो प्रश्न होय.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुशटन या खेड्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्याच १५४९ साली इंग्लंडच्या चर्चमध्ये लॅटिनऐवजी इंग्रजीतून उपासना करण्याचे बंधन आले. लॅटिन स्तोत्रे गाणाऱ्या गायकवृंदांना आता साध्या इंग्रजी रचना गाव्या लागल्या. शब्दाच्या एका अवयवाला एकच स्वर असावा, म्हणजे अर्थ झाकला जाणार नाही, असा सुधारकांचा आग्रह होता. चार वर्षांनी मेरी राणी गादीवर आली आणि लॅटिन परतले. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि पुन्हा इंग्रजी सुरू झाली. थॉमस टॅलिस या संगीतकाराने तर ओळीने चार राज्यकर्त्यांची चाकरी केली आणि प्रत्येकाच्या धर्माप्रमाणे आपल्या रचनेची भाषा बदलली. गाण्याची भाषा म्हणजे राजनिष्ठेची कसोटी ठरावी, असा तो काळ होता.

या कसोटीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे विल्यम बर्ड. तो कॅथलिक होता आणि तरीही प्रॉटेस्टंट राणीच्या राजगायकवृंदात होता. १५७५ मध्ये राणीने टॅलिस आणि बर्ड या दोघांना संगीत छापण्याची मक्तेदारी दिली आणि त्यांनी आपल्या लॅटिन रचनांचा पहिला संग्रह तिलाच अर्पण केला. राणीला संगीताची जाण होती, म्हणून बर्डला अभय मिळाले. पुढे १५९० नंतरच्या दशकात त्याने कॅथलिक उपासनेसाठी तीन मिस्सा रचल्या. त्या मुखपृष्ठाविना छापल्या गेल्या आणि श्रीमंत कॅथलिकांच्या घरांतून दारे लावून गायल्या जाऊ लागल्या.

बर्डला मिळालेले अभय सर्वांना मिळणारे नव्हते. स्टीफन्स यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड हा एकेकाळी एलिझाबेथच्या दरबारातील देखणा सरदार होता. राजवाड्यातील एका समारंभात नाचताना तो घसरून पडला, राणीने त्याला लाथाडून हिणवले आणि त्या अपमानातून त्याचे मन दरबारावरून उडाले, अशी कथा सांगितली जाते. पाउंड धर्माकडे वळला. स्टीफन्स त्याच्याजवळ राहू लागले. हिंदुस्थानातून येणारी जेझुइट पाद्र्यांची पत्रे दोघे वाचत आणि आपणही रोमला जाऊन त्या संघात दाखल व्हावे, असे बेत रचत. निघण्यापूर्वीच पाउंडला अटक झाली आणि पुढली सुमारे तीस वर्षे तो या ना त्या तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, दाखल झाले. मित्राला ते विसरले नाहीत. बंदिवासातल्या पाउंडलाही संघात घ्यावे अशी विनंती त्यांनी रोममध्ये वरिष्ठांना केली आणि ती मान्य झाली.

१५७५ हे रोममध्ये ज्युबिलीचे वर्ष होते. युरोपभरातून यात्रेकरू शहरात लोटले होते आणि चर्चमधून बहुस्वरी गायनाचा घोष चालला होता. आपल्याकडील गायनात एकच स्वरपंक्ती विस्तारत जाते. बहुस्वरी गायनात चार, पाच, सहा गट आपापली स्वतंत्र स्वरपंक्ती घेऊन एकाच वेळी गातात. एक गट एका शब्दावर असतो, दुसरा त्याच्या पुढच्या, तिसरा मागच्या. दगडी कमानींखाली हे स्वर एकमेकांत मिसळले, की ऐकणाऱ्याला स्वर्ग दोन बोटे उरतो. मात्र शब्द हरवतात. सेंट पीटरच्या बॅसिलिकेत या कलेचा सर्वश्रेष्ठ साधक पालेस्त्रिना गायकवृंदाचा प्रमुख होता. १५७१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १५९४ पर्यंत, तो त्या पदावर राहिला. येशूसंघाच्याच जर्मन विद्यालयात तरुण व्हिक्टोरिया संगीत शिकवत होता. स्टीफन्स यांनी ज्या चार वर्षांत या शहरात शिक्षण घेतले, त्या वर्षांत रोम हे युरोपच्या धर्मसंगीताचे हृदय होते.

आणि त्याच रोममध्ये या संगीताची झडती चालली होती. प्रॉटेस्टंट बंडानंतर कॅथलिक चर्चने आपले घर नीट करण्यासाठी ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात परिषद भरवली. तिच्या अखेरच्या टप्प्यात चर्चमधील संगीताचा विषय निघाला. गाणे केवळ कानाला सुख देण्यासाठी नसावे, शब्द स्पष्ट ऐकू यावेत, असा विचार तेथे मांडला गेला. १५६५ मध्ये रोममध्ये कार्डिनलांच्या समितीने पोपच्या गायकांकडून काही मिस्सा मुद्दाम गाऊन घेतल्या आणि शब्द कळतात का, याची परीक्षा घेतली. पालेस्त्रिनाने पोप मार्सेलसच्या नावाची मिस्सा रचून बहुस्वरी संगीताला बंदीपासून वाचवले, ही दंतकथा पुढे फार लोकप्रिय झाली. ऐतिहासिक पुरावा तिला आधार देत नाही. पण त्या रचनेत शब्द खरोखरच स्वच्छ ऐकू येतात, आणि दंतकथा जन्माला आली ती त्यामुळेच. १५७७ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पालेस्त्रिना आणि झोइलो यांच्याकडे प्राचीन एकस्वरी स्तोत्रांच्या शुद्धीकरणाचे काम सोपवले. पालेस्त्रिनाच्या हातून ते अपुरेच राहिले. सुधारित ग्रंथ रोममध्ये १६१४-१५ मध्ये छापला गेला.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट कोणी फारशी विचारात घेतली नव्हती. शब्द स्पष्ट ऐकू आले तरी ते लॅटिनच होते. रोममधल्या सामान्य भाजीवाल्यालाही त्यांचा अर्थ पुरता कळणे कठीण होते. मग ज्यांनी लॅटिनचा गंधही घेतलेला नाही अशा माणसांपर्यंत ते कसे पोहोचणार, हा प्रश्न स्टीफन्स यांच्या वाट्याला यायचा होता.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून पाच जहाजांच्या ताफ्यातून निघाले. तोफांच्या आणि तुताऱ्यांच्या गजरात जहाजे कशी सुटली, आफ्रिकेला वळसा घालताना कोणते वारे लागले, रक्तदोषाच्या विकाराने खलाशांचे कसे हाल झाले, याचे वर्णन त्यांनी गोव्यात पोहोचल्यावर वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. हॅक्लुट या इंग्रज संपादकाने ते पुढे आपल्या प्रवाससंग्रहात छापले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी स्टीफन्स गोव्यात उतरले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढली चाळीस वर्षे ते येथेच राहिले.

गोव्यात युरोपीय संगीत त्यांच्याआधीच येऊन पोहोचले होते. चर्चना जोडलेल्या शाळांतून स्थानिक मुलांना धर्मपाठाबरोबर स्वरलेखन, गायन आणि वाद्ये शिकवली जात. लॅटिन मिस्सा गाणारे गोमंतकीय मुलांचे वृंद तयार होऊ लागले होते. या संगीताची कीर्ती अकबराच्या दरबारापर्यंत गेली. बादशहाने गोव्यास पाठवलेला हाजी हबीबुल्ला परतताना बरोबर ऑर्गन घेऊन गेला आणि ते माणसाएवढे पेटीवजा वाद्य पाहून दरबार थक्क झाला, याची नोंद बदाऊनी या इतिहासकाराने केली आहे. गंमत अशी, की जेझुइटांना स्वतःला समूहगायनाची परवानगी नव्हती. इतर संन्यासी मंडळींप्रमाणे दिवसातून अनेकदा एकत्र जमून स्तोत्रे गाण्यात वेळ घालवू नये, लोकांत जाऊन काम करावे, असा इग्नेशियस लोयोलाने संघाला नियम घालून दिला होता. न गाणाऱ्या संघाला पूर्वेकडे मात्र गाण्यावाचून पाऊल टाकता येईना.

स्टीफन्स यांची नेमणूक झाली ती साष्टीत. मडगाव, राशोल, कुंकळ्ळी हा सुपीक प्रदेश तेव्हा भळभळत्या जखमेसारखा होता. १५६७ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी साष्टीतील दोनशेहून अधिक देवळे जमीनदोस्त केली होती. त्याआधीच १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश भक्तांनी रातोरात नदीपार नेला होता. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. देशी भाषांतील ग्रंथ शोधून नष्ट केले जात. ब्राह्मणांच्या घरांतून हस्तगत केलेल्या काही पोथ्यांची पोर्तुगीज भाषांतरे झाली. ती आवडीने नव्हे, तर खंडनासाठी. स्टीफन्स या सत्तेचे बाहेरचे साक्षीदार नव्हते. ते तिच्याच धर्मसंस्थेचे सेवक होते, आणि त्यांचे आयुष्य सांगताना हे झाकून चालणार नाही.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला उद्रेक झाला. चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रुदोल्फो अक्वाव्हिवा हे होते. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामी स्टीफन्स यांचा हात होता. पुढे पोर्तुगीजांनी गावातील सोळा प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. त्यांतील एक जण तेवढा निसटला. चर्चने पाच मृतांना हुतात्मे मानले. कुंकळ्ळीने आपल्या नायकांना. त्याच वर्षीच्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज साथीदार हेरगिरीच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. ते चौघे प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन होते. ज्या इंग्लंडने स्टीफन्स यांच्या मित्राला कोठडीत टाकले, तेथल्या माणसांशी त्यांनी असे वागावे, यातून त्यांच्या स्वभावाची ओळख पटते.

या धामधुमीतच ते भाषा शिकत होते. १५८३ च्या ऑक्टोबरात पॅरिसमधील भावाला लिहिलेल्या पत्रात, येथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतबद्दल असाच विचार १७८६ मध्ये मांडला, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. साष्टीत घरोघर बोलली जाणारी भाषा कोकणी होती. ग्रंथांची, पुराणांची आणि कीर्तनाची भाषा मराठी होती. स्टीफन्स दोन्ही शिकले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात, दिओगु रिबेरू यांनी भर घातल्यावर, १६४० मध्ये राशोलला छापले गेले. कोकणीचे ते पहिले छापील व्याकरण होय. कोकणीतील धर्मप्रश्नोत्तरीही त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, प्रसिद्ध झाली.

शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली असावी. बाटलेल्या माणसांचे जुने देव काढून घेतले होते, पण त्याहून मोठी पोकळी दुसरीच होती. सायंकाळी देवळात जमून पुराण ऐकणे, पोथी लावणे, लग्नाच्या मांडवात आणि जात्यावर ओव्या म्हणणे, हे सारे संपले होते. चर्चमध्ये वाजणारे संगीत भव्य असले, तरी ते ऐकून घरी जाताना ओठांवर काय घ्यावे? क्रिस्तपुराणाच्या आरंभीच हा प्रसंग आहे. रविवारी धर्मपाठ चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की तुम्ही आमची पुराणे बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी तुमचे एखादे पुराण का देत नाही? त्या प्रश्नात विनंती आहे आणि तक्रारही आहे. ग्रंथकाराने ती तक्रार झाकली नाही, हे विशेष. पुढचा सारा ग्रंथ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येतो.

उत्तर देण्यासाठी स्टीफन्स यांनी रोमच्या रचनेचे अनुकरण केले नाही, लॅटिन वृत्तही आणले नाही. त्यांनी ओवी उचलली. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, अशी ही घडण ज्ञानेश्वरांपासून मराठीच्या अंगवळणी पडलेली. ओवीला वाद्य लागत नाही, गायकवृंद लागत नाही, तालीम लागत नाही. एकाने म्हणावी, दहांनी ऐकावी. तिच्यात स्वर शब्दावर कुरघोडी करत नाही. तो शब्दाला खांद्यावर घेऊन चालतो. ट्रेंटच्या परिषदेला जी स्पष्टता हवी होती, ती या देशात जात्यावर दळणाऱ्या बाईकडे आधीपासूनच होती. नेमक्या याच सुमारास इटलीतही संगीतकार गुंतागुंतीच्या बहुस्वरी गायनाकडून एकट्या आवाजात स्पष्ट शब्द गाण्याकडे वळत होते. त्यातून ऑपेरा जन्मला आणि १६०७ मध्ये मॉन्तेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ रंगमंचावर आला. मांतुआ आणि राशोल यांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण गाण्यात शब्दाला मान हवा, ही ओढ दोन्हीकडे होती.

क्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळाची कथा ३६ अध्यायांत येते, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र ५९ अध्यायांत. अध्यायांना ग्रंथात अवस्वरू म्हटले आहे. एकूण ओव्या १०,९६२. आरंभी नमन, मग भाषेची स्तुती, मग श्रोत्यांना आवाहन, हा सारा थाट आपल्या पोथ्यांचा आहे. मराठीत घरगुती बोलीचे सोपे शब्द मिसळून लिहिल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे; सर्वांना कळावे, हा हेतू. स्वर्गाला वैकुंठ म्हणणे, नंदनवनात ओळखीची फुलेफळे लावणे, यांतून परकी कथा गावच्या अंगणात आल्यासारखी होते. पुराण ते, पण जुन्या पुराणांचे खंडन करणारे; घाट इथला, पण सिद्धान्त रोमचा. हा ताण ग्रंथभर जाणवतो. तो लपवता आला नाही, म्हणूनच कदाचित हा ग्रंथ कोरडा धर्मोपदेश होण्यापासून वाचला.

लिपीचे दुःख मात्र त्यांना राहिले. १६०८ मध्ये त्यांनी संघाच्या रोममधील मुख्य वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात, या देशाच्या भाषेतील पुस्तके या देशाच्या अक्षरांत छापलेली पाहावीत, अशी आपली फार दिवसांची इच्छा असल्याचे कळवले. अडचणही त्यांनी मांडली होती. युरोपात वर्णमालेच्या चोवीस अक्षरांत काम भागते. येथे जोडाक्षरे आणि मात्रा धरून सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील. युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी केला होता. तरी ते जमले नाही आणि क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत निघाले. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापली जाण्यास पुढे जवळजवळ दोन शतके लागली.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. क्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. साष्टीतील चर्चमधून रविवारी आणि सणांच्या दिवशी ते म्हटले जाई. फादर एतिएन द ला क्रुवा यांचे संत पीटरवरील मराठी पुराण, वसईकडे फ्रान्सिश्कु वाझ द गिमारायंश यांचे १६५९ मधील पुराण, अशी त्याची भावंडेही जन्मली. एक नवी परंपरा रुजते आहे असे वाटत होते.

आणि मग जे घडले ते या कथेतील सर्वांत कटू सत्य आहे. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने लग्नसमारंभात ओव्या म्हणण्यावरच बंदी घातली. तेथल्या चर्चच्या एका सेवकाने ज्या छंदात ख्रिस्ताचे चरित्र गाइले, तोच छंद त्याच चर्चच्या न्यायासनाला धोक्याचा वाटू लागला. कारण उघड आहे. माणसाच्या ओठांवर जे गाणे त्याच्याच भाषेतले असते, त्यावर कुणाचाच पुरता ताबा चालत नाही. शब्द कळावेत, हा आग्रह धरणाऱ्यांना शब्द कळण्याचे परिणाम सोसवले नाहीत.

सतराव्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे आणि गाणाऱ्यांमुळे. साष्टीतून जाचाला कंटाळून दक्षिण कॅनरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर पोथ्या नेल्या. मंगळूरच्या परिसरात त्या उपवासकाळात आणि मृत्यूच्या घरी म्हटल्या जात राहिल्या. तेथल्याच हस्तलिखितांवरून जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमन लिपीत आवृत्ती काढली. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरीतील हस्तलिखित जस्टिन अ‍ॅबट यांना आढळले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये बोलून दाखवलेली इच्छा अशी साडेतीन शतकांनी पुरी झाली. गोव्यात पर्वरी येथील कोकणी संशोधन केंद्राला आज त्यांचे नाव आहे.

युरोपीय संगीताचे काय झाले? तेही गोव्यातून गेले नाही. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीयांच्या पिढ्यान्पिढ्या वादक झाल्या आणि विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनल्या. साष्टीतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातील गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव अजरामर केले. आणि १५६० मध्ये नदीपार गेलेल्या मंगेशाच्या नव्या गावात, मंगेशीत, १९०० मध्ये दीनानाथ मंगेशकर जन्मले. साष्टीच्या त्या जुन्या दुभंगातून दोन वाटा निघाल्या होत्या: एक चर्चच्या गायकवृंदाकडे गेलेली, दुसरी देव पाठीवर घेऊन नदीपार गेलेली. चार शतकांनी त्या मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाच्या दालनात भेटल्या. एकीकडे गोमंतकीय ख्रिस्ती वादकांची व्हायोलिने होती, दुसरीकडे लता मंगेशकरांचा आवाज. ज्यांच्या पूर्वजांना धर्माने वेगळे केले, त्यांनी मिळून केलेले गाणे साऱ्या देशाने आपले मानले.

स्टीफन्स यांना या कथेतील नायक ठरवणे सोपे आहे आणि खलनायक ठरवणेही तितकेच सोपे. ते ज्या सत्तेच्या आश्रयाने आले तिने देवळे पाडली. त्यांनी स्वतः त्या सत्तेचा धर्म पसरवला. तरीही आपल्या श्रोत्यांना कळेल असेच गाणे आपण दिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी चाळीस वर्षे परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसले. नरसीच्या नामदेवांचे शब्द आजही पंजाबच्या गुरुद्वारांतून रागांत गायले जातात आणि तेथे त्यांना कोणी परके म्हणत नाही. विल्टशरच्या या माणसाच्या ओव्यांनाही मराठीने कधी परके मानले नाही. त्यांचा धर्म कोणता, लिपी कोणती, हे मराठीने विचारले असेल. पण आधी तिने ऐकले, ती ओवी आहे की नाही.